आर्ताचा पूल आणि पायातील बळी : एका लोककथेचा अर्थ

१. स्थळ व वास्तू

ग्रीस देशाच्या वायव्य भागात एपिरस नावाचा डोंगराळ प्रांत आहे. पिंडस पर्वतात उगम पावणारी अराख्थोस नदी या प्रांतातून दक्षिणेकडे वाहत जाऊन अंब्रॅकियाच्या आखातास मिळते. डोंगर सोडून ती सपाटीवर येते तेथे आर्ता हे गाव वसलेले आहे; आणि गावाच्या पश्चिम वेशीबाहेर या नदीवर एक जुना दगडी पूल आहे. त्याची लांबी सुमारे १४५ मीटर असून रुंदी पावणेचार मीटरांच्या आतबाहेर, म्हणजे दोन भारवाहू जनावरांनी एकमेकांना जेमतेम वाट द्यावी एवढीच आहे. पुलास चार मोठ्या कमानी आहेत. परंतु त्या सारख्या मापाच्या नाहीत. एका टोकाची कमान इतरांहून बरीच मोठी व उंच असल्यामुळे पुलाची पाठ मध्यभागी न उंचावता एका बाजूस उंचावलेली दिसते. मोठ्या कमानींच्या मधल्या खांबांवर लहान कमानदार पोकळ्या सोडलेल्या आहेत. पुराचे पाणी खांबांच्या माथ्यापर्यंत चढले तर त्यास वाट मिळावी, हा त्यांचा उद्देश होय.

या स्थळाचा इतिहास फार मागे जातो. प्राचीन काळी येथे अंब्रॅकिया हे नगर होते आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एपिरसचा प्रसिद्ध राजा पिऱ्हस याची ती राजधानी होती. पुलाच्या पायथ्याचे काही बांधकाम त्या प्राचीन काळचे असावे, असे मानले जाते. तेराव्या शतकात आर्ता हे एपिरसच्या स्वतंत्र राज्याचे मुख्य ठाणे झाले, त्या वेळी पुलाची पुनर्बांधणी झाली असावी असाही एक तर्क आहे. आज उभा असलेला पूल मात्र बहुतांशी सतराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या अमदानीतील समजला जातो. त्याचा खर्च आर्ताच्या एका किराणा व्यापाऱ्याने उचलला, अशी आख्यायिका गावात प्रचलित आहे. तात्पर्य, हा पूल कोणा एका राजाने एका वेळी बांधून पुरा केलेला नाही. तो अनेकदा ढासळला, अनेकदा सावरला गेला आणि थराथराने वाढत आजच्या रूपास पोचला.

ज्या वास्तूस असा तुटक इतिहास असतो, तिच्याभोवती कथा लवकर जमतात. पुलाच्या एका टोकाशी चिनाराच्या जातीचा एक प्रचंड जुना वृक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखावर हुकमत गाजविणारा यानिनाचा अली पाशा या वृक्षाच्या सावलीत बसे आणि त्याच्याच फांद्यांवर गुन्हेगारांना फाशी देववी, असे लोक सांगतात. १८८१ मध्ये आर्ता ग्रीसच्या राज्यात आले. परंतु नदीपलीकडचा प्रदेश उस्मानी साम्राज्यातच राहिला, आणि पूल हीच दोन राज्यांची सीमा ठरली. १९१२ च्या बाल्कन युद्धात ग्रीक सैन्य पुलावरून पलीकडे गेले, तोपर्यंत एकतीस वर्षे या पुलाची पाठ चढणारा माणूस एका राज्यातून निघे आणि दुसऱ्या राज्यात उतरे. सीमेवरील चौकीची इमारत पुढे लोकजीवनाच्या संग्रहालयासाठी उपयोगात आणली गेली. या सर्व आठवणी खऱ्या अर्थाने स्थानिक आहेत. तथापि ग्रीसभर या पुलाचे नाव झाले आहे ते त्यांच्यामुळे नव्हे. ते झाले आहे पुलाच्या पायात जिवंत चिणलेल्या एका स्त्रीच्या गीतामुळे.

२. गीतातील कथा

या गीताचे शेकडो पाठ ग्रीक प्रदेशांतून गोळा झालेले आहेत. तपशिलात ते एकमेकांपासून भिन्न असले, तरी कथेचा सांगाडा बहुधा पुढीलप्रमाणे असतो.

पंचेचाळीस गवंडी आणि साठ उमेदवार आर्ताच्या नदीवर पूल बांधीत होते. दिवसभर ते बांधीत आणि रात्री बांधलेले सारे ढासळून पडे. गवंडी शोक करीत, शिकाऊ पोरे रडत. तेव्हा एक पक्षी येऊन बसला. तो पक्ष्यासारखा बोलला नाही, मनुष्यवाणीने बोलला. मनुष्य चिणल्यावाचून पूल उभा राहणार नाही, असे त्याने सांगितले. आणि तो मनुष्य कोण असावा हेही सांगितले. अनाथ नको, परका नको, वाटसरू नको. मुख्य गवंड्याची रूपवती पत्नी हवी. मुख्य गवंड्याच्या काळजाचे पाणी झाले. त्याने पत्नीला निरोप पाठविला की सावकाश आवर, सावकाश ये. परंतु निरोप नेणाऱ्या पक्ष्याने उलट सांगितले की त्वरा कर, लवकर नीघ.

ती आली. पती खिन्न बसलेला पाहून तिने कारण विचारले. त्याची अंगठी कमानीच्या पायात पडली आहे, असे तिला सांगण्यात आले. ती शोधावयास ती आपण होऊन खाली उतरली. अंगठी काही हाती लागली नाही. वरून एकजण चुना टाकू लागला, दुसरा थापी चालवू लागला आणि मुख्य गवंड्याने स्वतः मोठा धोंडा लोटला. तेव्हा ती स्त्री आपल्या दैवाबद्दल बोलू लागली. त्या तिघी बहिणी होत्या आणि तिघींच्या वाट्यास एकच मरण आले. एक डॅन्यूबच्या पुलात गेली, एक युफ्रेटिसच्या, आणि धाकटी ती आर्ताच्या. मग तिने शाप दिला. आपले काळीज जसे कापते आहे तसा हा पूल कापत राहो, आणि झाडाची पाने गळावीत तसे वरून जाणारे लोक खाली गळोत.

येथे गीत एकाएकी वळण घेते. तिला कोणी तरी आठवण करून देते की तुझा एकुलता भाऊ परमुलखात आहे. न जाणो, उद्या तोच या पुलावरून परतावयाचा. ते ऐकताच ती शाप मागे घेते आणि त्याच शब्दांना उलटवून आशीर्वाद देते. पूल पोलादासारखा अचल होवो आणि वरून जाणारे सुखरूप पार होवोत. गीत बहुधा येथेच संपते. पूल पुरा झाल्याचा सोहळा नाही, गवंड्याचा विलाप नाही. आशीर्वाद हाच शेवट.

या गीताने ग्रीक भाषेस एक वाक्प्रचारही दिला आहे. कितीही केले तरी पुरे न होणाऱ्या कामाला तेथे 'आर्ताचा पूल' म्हणतात. मराठीत मारुतीचे शेपूट म्हणावे, तशातला हा प्रकार. वरिष्ठ वाङ्मयातही ही कथा उतरली आहे. निकोस कझान्टझाकिस यांनी तारुण्यात याच विषयावर नाटक लिहिले आणि त्यावर मानोलिस कालोमिरिस यांनी रचलेली संगीतिका १९१६ मध्ये रंगभूमीवर आली.

३. एक कथा, अनेक वास्तू

ही घटना आर्ता येथे खरोखर घडली काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर शोधताना प्रथम हे पाहिले पाहिजे की हीच कथा केवळ आर्ताची नाही. ग्रीक गीतातील त्या स्त्रीनेच डॅन्यूब आणि युफ्रेटिस या दोन नद्यांची नावे घेतलेली आहेत. आणि ग्रीक भाषिकांच्या इतर वसाहतींतून हेच गीत निराळ्या पुलांच्या नावाने गाइले जाते.

ग्रीसबाहेर पाहू गेल्यास हे क्षेत्र आणखी विस्तारते. सर्बियन गीतात तीन राजबंधू श्कोद्रा येथे किल्ला बांधीत असतात. जिची बायको उद्या जेवण घेऊन येईल तिला चिणावयाचे, असा त्यांचा करार ठरतो. वडील दोघे बंधू शपथ मोडून आपापल्या बायकांना सावध करतात. धाकटा सत्याला जागतो, आणि त्याचीच बायको बळी जाते. तान्ह्या मुलाला पाजता यावे म्हणून भिंतीत स्तनांपुरती फट ठेवा, एवढेच ती मागते. त्या भिंतीतून पाझरणारा पांढरा द्रव दूध न येणाऱ्या माता औषध म्हणून घेतात, अशी समजूत नोंदली गेली आहे. वूक कराजिच यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रहित केलेल्या या गीताचे जर्मन भाषांतर स्वतः याकोब ग्रिम यांनी केले. त्याच किल्ल्याची कथा अल्बानियन लोक रोझाफा या स्त्रीच्या नावाने सांगतात. रुमानियात ती आर्जेशच्या मठाला आणि मानोले नावाच्या गवंड्याला चिकटलेली आहे, तर हंगेरियन गीतात देवाच्या किल्ल्याला.

इतक्या ठिकाणी, इतक्या वास्तूंच्या पायात, त्याच क्रमाने तीच घटना घडली असे मानणे तर्कास धरून होणार नाही. कथा प्रवासी आहे. वास्तू तिचे मुक्काम आहेत. ती कोणत्या लोकांनी प्रथम रचली याविषयी बाल्कन देशांतील विद्वानांत दीर्घ वाद झाला. ग्रीक अभ्यासक गेओर्गिओस मेगास, हंगेरियन अभ्यासक लायोश वार्ग्याश आणि इतर अनेकांनी या गीताच्या पाठांचा अत्यंत परिश्रमपूर्वक अभ्यास केला. परंतु या वादात राष्ट्राभिमानाची छटा पुष्कळदा शास्त्रीय दृष्टीवर पडलेली दिसते. तिचे वाहक कोण असावेत, हे सांगणे तुलनेने सोपे आहे. एपिरसच्या डोंगरांत, विशेषतः कोनित्साच्या परिसरात, गवंड्यांची गावेच्या गावे होती. वसंत ऋतूत त्यांच्या टोळ्या खेचरांवर हत्यारे लादून बाहेर पडत आणि महिनोन्‌महिने बाल्कन मुलखात पूल, मशिदी, चर्चे व घरे बांधीत फिरत. परक्यांना कळू नये अशी त्यांची स्वतःची गुप्त बोली होती. टोळीत मुख्य गवंडी असे, पाथरवट असत, आणि लहान वयातच कामाला जुंपलेली उमेदवार पोरेही असत. गीतातील पंचेचाळीस गवंडी आणि साठ उमेदवार हे या टोळीचेच अतिशयोक्त चित्र होय.

४. रात्री पूल का ढासळे?

दिवसा बांधलेले रात्री पडते, हा या कथेचा आरंभबिंदू निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. दगडी कमानीचा पूल बांधणाऱ्याला तो अनुभवाचा विषय होता.

कमान ही वास्तुरचना अशी आहे की पुरी झाल्यावर ती अतिशय बळकट असते आणि अपुरी असताना तिच्यात उभे राहण्याची शक्तीच नसते. माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत तिचा सारा भार खालच्या लाकडी साच्यावर पेललेला असतो. हा साचा नदीच्या पात्रातच उभा करावा लागे. डोंगरात पाऊस पडला किंवा बर्फ वितळले म्हणजे अराख्थोससारखी नदी काही तासांत फुगते. आणि लाकडी साचा वाहून गेला की त्यावरील दगडांची ओळही गेली. चुन्याचा लगदा सावकाश घट्ट होतो. ओल्या हवेत तर त्याला फारच काळ लागतो. याहूनही मोठा धोका डोळ्यांआड असे. खांबाला आपटून वळणारे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरा करते आणि तेथील वाळू-गोटे उकरून काढते. वरून खांब शाबूत दिसतो, आतून त्याचा पाया पोकळ होत असतो. पुलांच्या नाशाचे हे कारण आजही सर्वांत महत्त्वाच्या कारणांपैकी एक गणले जाते.

याच अराख्थोस नदीवर वरच्या अंगास प्लाका येथील पुलाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्वीचे प्रयत्न फसल्यावर १८६६ मध्ये तेथे सुमारे ४० मीटर रुंदीची एकच भव्य कमान उभी राहिली. ती जवळजवळ दीडशे वर्षे टिकली आणि १ फेब्रुवारी २०१५ रोजी आलेल्या पुरात कोसळली. २०२० मध्ये तिची पुनर्बांधणी पूर्ण झाली. अर्थात नदी पूल पाडते हे या प्रदेशातील लोकांना कोणी कथा सांगून शिकवावे लागले नाही. त्यांना हवे होते ते न दिसणाऱ्या कारणाचे नाव. जो धोका पाण्याखाली आहे, ज्याची वेळ सांगता येत नाही, आणि जो एका रात्रीत वर्षाचे श्रम घेऊन जातो, त्याला लोकमनाने नदीची मागणी असे रूप दिले.

मागणी म्हटली की ती भागविणे आले. नव्या बांधकामाच्या पायात कोंबडा किंवा मेंढा कापून रक्त सोडण्याची चाल ग्रीसमध्ये फार काळ चालत आलेली आहे. जेम्स फ्रेझर यांनी 'गोल्डन बाउ' या ग्रंथात आणखी एक चाल नोंदविली आहे. गवंडी एखाद्या येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला बांधकामाजवळ बोलावून त्याच्या नकळत त्याची सावली दोरीने मोजतो आणि ती दोरी पायात पुरतो. तो माणूस वर्षाच्या आत मरतो, अशी समजूत असे. माणसाऐवजी पशू, पशूऐवजी सावली, असा हा उतरता क्रम आहे. आपल्याकडे शुभकार्यात कोहळा कापतात किंवा पायाभरणीला नारळ फोडतात, त्यामागेही प्रतिनिधी-बळीची हीच कल्पना असल्याचे अभ्यासक दाखवितात. मिर्चा एलियादे यांनी १९४३ मध्ये मानोलेच्या गीतावर लिहिलेल्या ग्रंथात या श्रद्धेचे मूळ सृष्टिकथांत शोधले. विश्वच मुळी एका आद्य पुरुषाच्या बलिदानातून निर्माण झाले, असे अनेक समाज मानतात. तेव्हा मनुष्याने उभारलेल्या वास्तूलाही जीव लाभावयाचा तर तो कोणाच्या तरी जिवातूनच लाभला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

५. बळी कोणाचा?

एलियादे यांच्या विवेचनाने बळी का, याचे उत्तर मिळते. परंतु हीच व्यक्ती का, याचे मिळत नाही. कथेचा खरा मर्मभाग येथेच आहे.

आर्ताच्या गीतातील पक्षी अनाथ, परका आणि वाटसरू या तिघांना वगळतो. प्रत्यक्ष व्यवहारात समाज नेमका यांनाच पुढे करतो, कारण त्यांच्या मागे विचारणारे कोणी नसते. गीत मात्र म्हणते की किंमत बांधणाऱ्याच्या घरातून गेली पाहिजे. या अटीमुळे कथेला नैतिक उंची येते. पण ती उंची ज्याच्या नावावर जमा होते तो मुख्य गवंडी जिवंत राहतो, आणि किंमत भरते त्याची पत्नी. तिला कोणी विचारीत नाही. तिला खोटे सांगून खाली उतरविले जाते. जेवण आणणारी, अंगठी शोधावयास तत्परतेने उतरणारी, म्हणजे सर्व अर्थांनी आज्ञाधारक अशी ही स्त्री. तिच्या आज्ञाधारकपणाचाच तिला मारण्यासाठी उपयोग केला जातो. अमेरिकन लोकविद्यावेत्ते ॲलन डंडेस यांनी १९९६ मध्ये या गीतांवरील अभ्यासलेखांचा संग्रह संपादित केला. घराच्या भिंतीत कायमचे कोंडले जाणे हे विवाहित स्त्रीच्या आयुष्याचेच रूपक आहे, असा अर्थ त्यांनी लावला. तो सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु पिढ्यानुपिढ्या हे गीत गाणाऱ्या स्त्रियांना त्यात स्वतःचे काही दिसत असले पाहिजे, यात शंका वाटत नाही.

शाप फिरविणाऱ्या भावाचा प्रसंगही या दृष्टीने पाहावयास हवा. एपिरस हा कष्टाचा, अपुऱ्या शेतीचा मुलूख. तेथील पुरुष पोटासाठी दूरदेशी जात आणि त्यांची वाट पाहणे हा बायकांच्या आयुष्याचा मोठा भाग असे. पतीने दगा दिल्यावर तिला जगाशी जोडणारे एकच नाते उरते, ते भावाचे. आणि त्या एका भावासाठी ती सर्व अनोळखी वाटसरूंना क्षमा करते. जात्यावरच्या ओवीत सासुरवाशिणीच्या तोंडी भावाचे नाव किती वेळा आणि कोणत्या आर्ततेने येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांस या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथे उसनवारी सिद्ध करावयाची नाही. सारख्या परिस्थितीतून सारखी भावना उमलते, एवढेच दाखवावयाचे आहे.

६. भारतीय भूमीवरील नमुने

भारतात ही कथा पुलापेक्षा जलाशयाशी अधिक निगडित आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. कोरड्या मुलखात लोकांची चिंता नदी ओलांडण्याची नसून पाणी लागण्याची असते. कन्नडमध्ये 'केरेगे हार' नावाचे प्रसिद्ध कथागीत आहे. गावच्या गौडाने तळे खोदविले, पण पाणी लागेना. सुनेचा बळी दिला पाहिजे असे ठरले. कुटुंबाने एकेकीचा विचार करून थोरल्यांना वगळले आणि धाकटी सून भागीरथी निवडली. ती माहेरी जाऊन निरोप घेते. तिच्या मनातले घरच्यांना कळत नाही. तळे भरते. लढाईवरून परतलेला तिचा पती महादेवराय हे ऐकून त्याच तळ्यात उडी घेतो. गुजरातमध्ये वढवाण येथील माधावावीची कथा अशीच आहे. ही पायऱ्यांची विहीर करण वाघेला याच्या प्रधानांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधविली. बारा वर्षे तिला पाणी लागले नाही; मुलगा आणि सून अर्पण केल्यावर ते चढले, असे लोकगीत सांगते.

महाराष्ट्रात हीच कल्पना किल्ल्यांच्या बुरुजांशी जोडलेली आढळते. पुरंदरचा एक बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता. तेव्हा ज्येष्ठ पुत्र आणि त्याची पत्नी यांस पायात गाडले, मग काम टिकले, अशी आख्यायिका आहे. परंपरा हे जोडपे महार समाजातील असल्याचे सांगते. मुलाच्या पित्याला त्याबद्दल इनाम मिळाल्याचेही सांगितले जाते. आर्ताच्या गीताशी ही आख्यायिका ताडून पाहता एक फरक ठळकपणे दिसतो. तेथे पक्षी परक्याला वगळून बांधणाऱ्याचे घर निवडतो. येथे बांधविणाऱ्याचे घर सुरक्षित राहते आणि बळी समाजाच्या सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या थरातून घेतला जातो. आख्यायिका ऐतिहासिक सत्य असो वा नसो, ती ज्या समाजात सांगितली गेली त्या समाजात कोणाचा जीव स्वस्त होता याची साक्ष ती निश्चितपणे देते.

या निवडीमागील सत्तेचे स्वरूप अल्बानियन कादंबरीकार इस्माईल कादारे यांनी नेमके ओळखले. 'तीन कमानींचा पूल' या १९७८ च्या कादंबरीत त्यांनी हीच दंतकथा घेतली आहे. तेथे पुलात माणूस चिणला जातो खरा. परंतु तो दैवी मागणीमुळे नव्हे. पुलाच्या व्यवहारात ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत ते एका हत्येवर जुन्या गीताचे पांघरूण घालतात. कथा आधीपासून लोकांच्या ओठांवर असल्यामुळे खुनाला बलिदानाचे नाव मिळते, आणि कोणी चौकशी करीत नाही.

७. कथा जेव्हा बातमी होते

कादारे यांची कादंबरी ही कल्पना होती. परंतु लोककथा प्रत्यक्ष जीव घेऊ शकते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. मोठ्या पुलाच्या पायासाठी सरकार माणसे, विशेषतः मुले, पळविते, अशा अफवा इंग्रजी अमदानीत भारतात वारंवार उठत. हुगळीवरील पुलाच्या वेळीही गंगामाता मुलांची मुंडकी मागते, असे लोक बोलत असल्याची नोंद आहे. २०१९ च्या जुलै महिन्यात बांगलादेशात पद्मा नदीवरील पुलाचे काम चालू असताना हीच अफवा नव्या साधनांतून पसरली. पुलासाठी मानवी शिरे हवी आहेत आणि मुले पळविणारे फिरत आहेत, असा मजकूर भ्रमणध्वनीवरून हातोहात गेला. पूल-अधिकाऱ्यांनी ९ जुलै रोजी पत्रक काढून तो निराधार असल्याचे सांगितले. तरीही जमावाच्या मारहाणीत त्या महिन्यात आठ जणांचा अंत झाला. त्यांत ढाक्यातील एका शाळेत मुलाच्या प्रवेशाची चौकशी करावयास गेलेली एक माताही होती. मृतांपैकी कोणीही मुले पळविणारा नव्हता, असे पोलिसांनी तपासांती जाहीर केले.

पद्मा पूल २५ जून २०२२ रोजी खुला झाला. त्याची लांबी ६.१५ किलोमीटर आहे. पद्मेचा प्रवाह तळाची माती फार खोलवर उकरतो, म्हणून त्याच्या खांबांसाठी पोलादी नळ्या सुमारे १२० मीटर खोल ठोकाव्या लागल्या. आर्ताच्या गवंड्यांची रात्र ज्या अडचणीने खाल्ली, तीच ही अडचण. तिचे उत्तर कोणाच्या शिरात नव्हते. नदीच्या तळाचा अभ्यास करून पाया पुरेसा खोल नेण्यात होते.

या दोन टोकांमध्ये लोककथेच्या अभ्यासकाचे काम स्पष्ट होते. पायातील बळीची कथा निव्वळ अंधश्रद्धा म्हणून टाकून देणे जितके चूक, तितकेच ती घडलेल्या घटनेचा वृत्तान्त म्हणून स्वीकारणे चूक आहे. वृत्तान्त म्हणून ती खोटी आहे; अनेक देशांतील अनेक वास्तूंना ती सारखीच लागू होते, यावरूनच ते उघड होते. परंतु मोठ्या लोकोपयोगी कामांची किंमत कोणी तरी मुकाट्याने भरलेली असते, ती भरणाऱ्याचे नाव शिलालेखात येत नाही, आणि कोणी भरावी हे ठरविणारे स्वतः क्वचितच भरतात, हे ती सांगते तेव्हा ती खरी असते. आर्ताच्या पुलाचा खर्च कोणी दिला याची आख्यायिका आहे. तो बांधताना पुरात गेलेल्या, उंचावरून पडलेल्या गवंड्यांची आणि उमेदवार पोरांची कोणतीही यादी नाही. त्या सर्वांच्या जागी लोकांनी एक स्त्री उभी केली आणि तिच्या तोंडी शाप घातला. मग पुलावरून जाणाऱ्यांचे भले व्हावे म्हणून तो तिच्याकडूनच मागे घेवविला.

आज आर्ताच्या जुन्या पुलावरून वाहने जात नाहीत; तो पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. वरच्या अंगास १९८१ मध्ये पूर्ण झालेल्या पूर्नारी धरणामुळे अराख्थोसचा प्रवाहही आता पुष्कळसा नियंत्रित झाला आहे. पूल सुरक्षित आहे. गीताचे काम मात्र संपलेले नाही. ज्या ज्या ठिकाणी नवा पूल, नवे धरण किंवा नवा रस्ता उभा राहतो, तेथे तेथे किंमत कोणाच्या घरातून गेली, हा त्या पक्ष्याने काढलेला प्रश्न विचारण्याजोगा राहतोच.